टाचेमागची शीर

१२ जाने. २००४, सोम.
शाळेतून अर्धी रजा. अप्पांना घेऊन माणिकपूरला. खोकल्याचा पाचवा आठवडा. थुंकीत टीबी नाही. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली डाग आहेच. पहिल्या औषधाने अंगभर पित्त उठलं, दुसऱ्याने काही फरक नाही. आज तिसरं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांचं वय आणि दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणून सांगतो. या औषधाने कधी कधी टाचेमागची शीर दुखावते, तुटतेसुद्धा. दुखलं की गोळी बंद, आणि लगेच माझ्याकडे." मग द्यायचीच कशाला, विचारलं. "छातीसाठी आत्ता हीच बरी वाटते."
दहा दिवस, रोज एक. ह्यांना फोन केला. "तू बघ काय ते."

१६, शुक्र.
ताप नाही. अप्पा आडवे होऊन झोपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

१८, रवि.
अप्पा केळींना पाणी लावून आले ते डावा पाय जरा ओढत. विचारलं, तर "चप्पल लागली." चप्पल जुनीच आहे. मी पुढे बोलले नाही.
का नाही बोलले? खोकला थांबला होता म्हणून. दुसरं कारण नाही.

१९, सोम.
टाचेच्या वर सूज. बोट लावलं तर कळवळले. मग म्हणाले, "सुमन, डॉक्टरला सांगू नको. तीनच गोळ्या उरल्यात. ह्या बंद झाल्या की परत तो खोकला. पाय काय, बरा होतो."
त्यांनी माझ्यासमोर गोळी घेतली, मी पाणी दिलं.
झोपताना ह्यांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

२०, मंगळ.
पहिल्या तासाला फळ्यावर लिहिताना हात थांबला. मधल्या सुट्टीत डॉक्टरांना फोन. रागावले नाहीत. "दोन दिवस घालवलेत. गोळी आजपासून बंद. पायावर भार नको." वेगळं औषध सांगितलं, त्याने ऊन बाधतं. अकरानंतर बाहेर जायचं नाही. वाडीवाल्या माणसाला.
अप्पा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जेवले मात्र.

२५, रवि.
सूज तशीच. ताप नाही, पण पहाटेपासून थोडा खोकला. नवीन औषध कमी पडतंय की नुसती थंडी, सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात आठवडाभर थांबा, मग पुन्हा फोटो.
दुपारी अप्पा ओटीवर बसून होते, पाय पाटावर. चहा ठेवला तेव्हा विचारलं, "आणि खोकला गेला नाही, तर परत तीच गोळी देईल का तो?"
नाही म्हटलं.
"तू मागशील?"
मी कप उचलायला वाकले. चहा अजून प्यायचाच होता.