खटका मागे ओढून

आई,

दुसऱ्याचं बोलणं ऐकायला टपलेल्या माणसांचा तुला जो राग होता, तो आता माझ्या वाट्याला आला आहे. माझा फोन पोलिसांनी तपासासाठी ठेवून घेतला. फोन त्यांच्याकडे आहे, तो उघडायचा आकडा माझ्याकडे. उद्या पुन्हा बोलावलं आहे. तू गेलीस तेव्हा फोन भिंतीला बांधलेला असायचा. आता तो खिशात असतो आणि त्यात माणसाचं सगळं घर मावतं. म्हणून तो उघडून देणं म्हणजे काय, हे तुला वेगळं समजवायला नको.

खाडीकाठच्या गावांचा फोनवर एक ग्रुप आहे, चव्हाटाच समज. तो मी सांभाळतो. तिथे ‘खारबांध’ या नावानं कोणीतरी लिहायचं: डंपर येतात, बांध फोडून खाडीत माती टाकतात, भरतीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरतं. सोबत फोटो. आपल्याकडे बांध घराघराला वाटून दिलेला, आणि प्रत्येक घर आपला तुकडा आपल्या हातानं लिंपतं. लिहिणारीनं नाव लपवलं, पण फोटो काढला स्वतःच्याच तुकड्यावर उभं राहून. बाहेरच्याला त्यात चिखल दिसतो, गावाला दार दिसतं. गावानं ओळखलं, आणि गाव गप्प बसलं. कारण तिचा मुलगा त्या माती टाकणाऱ्या कंत्राटदाराचाच डंपर चालवतो, हेही गावाला ठाऊक आहे. नाव फुटलं तर पोराची नोकरी जाईल, आणि नोकरीवरच थांबेल असंही नाही. कंत्राटदारानं बदनामीची तक्रार केली. मला ती तिच्या खऱ्या नंबरवरून लिहायची. ते सगळं त्या फोनमध्ये आहे.

साहेब सभ्य होते. चहा मागवला. म्हणाले, “सर, तुमची भाषणं आम्ही आवडीनं ऐकतो. पण हे मेसेज वाटेत कुलूपबंद असतात, कंपनी म्हणते आम्हालाही वाचता येत नाहीत. मग आम्ही विचारायचं कोणाला?” मी म्हटलं, “बांधाला विचारा, तो अजून फुटलेलाच आहे.” ते हसले. “सर, लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?” या प्रश्नावर मी एरवी अर्धा तास बोललो असतो, पुस्तकांतले दाखले देत. पण मला तू आठवलीस, आणि मी चहा संपवला.

तू विळीवर बसली आहेस, केळफूल सोलते आहेस. मी शाळेतून आलोय आणि विचारतोय, “ती मावशी तुझ्या टेलिफोन एक्सचेंजच्या दारात रडत होती, तिला फोनवर काय सांगितलं?” तू वर न बघता म्हणतेस, “मी तार जोडते. ऐकत नाही.” मी हट्ट धरतो, तुझ्या कानाला तर ते यंत्र लावलेलं असतं. तेव्हा तू चिकानं काळी झालेली बोटं माझ्यासमोर धरतेस. “हा खटका पुढे केला की ऐकू येतं. पलीकडून ‘हॅलो’ आलं की मागे ओढायचा. ऐकलेलं पोटात ठेवण्यात काय मोठेपण? ऐकायचंच नसतं रे.” मेसेजच्या त्या कुलपांवर मी पुढे जे काही वाचलं, त्याचं सार तू केळफूल सोलताना सांगून गेली होतीस. ज्याच्या पोटात काही नाही, त्याला पिळून काय निघणार?

तरी तुला पिळलंच. तुझी बदली लांब का झाली, तू घरात कधी सांगितलं नाहीस. तुझ्या दहाव्याला तुझी बोर्डावरची सोबतीण बोलली: अमक्याचं बोलणं ऐकून सांग म्हणून वरून एक माणूस आला होता, आणि तू त्याला म्हणालीस, “साहेब, माझा खटका मागेच असतो.” एवढंच. मग किती वर्षं तू रविवारचीच आई होतीस. शेजारच्या काकूच्या पंक्तीला जेवताना मला तुझा राग यायचा, आणि तो कोणावर काढायचा ते ठाऊक नव्हतं.

आज ती ‘खारबांध’वाली बाई वाल विकायच्या निमित्तानं दारात आली. पाटी उतरवत हळूच म्हणाली, “दादा, नाव सांगलात?”

“नाही.”

“काय बोललाव मग?”

“काही नाही. गप्प बसलो.”

“तुमी? गप?” पदर तोंडाला लावून ती हसली. “गावात सांगतलं तर कोन इस्वास नाय ठेवनार.” मग हसू गेलं. “पोरगा माज्याशी बोलत नाय, दादा. त्याला समाजलंय. पन पानी आपल्याच शेतात शिरलंय, ते त्याला दिसत नाय का?” वाल मापायचे विसरून ती उठली आणि गेली.

उद्या जाईन. आकडा देणार नाही. मग ते काय करतील, ते करोत. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. पण एक कबूल करतो. सभांमधून मी घसा कोरडा करतो, आमच्या तारेवर कान लावू नका म्हणून. घरी आलो की वाटतं, एक कान असावा. उद्या मी त्या खुर्चीत बसेन तेव्हा, आई, तुझा नियम एवढ्या वेळी मोड. खटका पुढे कर, आणि ऐक.