जीपचा पट्टा आणि चाचांचा हात

चाचा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी तेव्हा पत्र लिहिलं असतं, तर ते तुमच्या मुलानं अंगणात बसून मोठ्यानं वाचून दाखवलं असतं आणि माझी गोष्ट त्याच्या तोंडून तुमच्या कानावर पडली असती. म्हणून लिहिलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. आता तुम्ही नाही आणि मी अमरावतीला राजापेठेत मुलाच्या घरी दुसऱ्या मजल्यावर राहते. काल सकाळी खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीच्या इंजिनातला पट्टा किंचाळला. सूनबाई म्हणाली, "आई, खिडकी कशाला लावता, किती उकडतंय." मी कडी घातली आणि पडदाही ओढून घेतला.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. अकोल्याच्या एका भिक्षुकाची मुलगी नर्स झाली म्हणून आमच्या गल्लीत वर्षभर कुजबुज चालली होती, आणि ती मुलगी, म्हणजे मी, परतवाड्याच्या पलीकडच्या एका लहानशा दवाखान्यात येऊन पडले. मला सगळ्याचीच भीती वाटायची. रक्ताची, डॉक्टरसाहेबांची, एकटीनं राहायची. दवाखान्यात एक जुनी जीप होती आणि ती चालवणारे तुम्ही, अचलपूरचे, माझ्या वडिलांपेक्षाही वयानं मोठे. तुम्ही मला पहिल्या आठवड्यातच म्हणालात, "बाई, भेव लय असंल तं हाताले काम द्या." आणि सकाळी रोगी यायच्या आधी दवाखान्याच्या आवारात मला जीप शिकवायला लागलात. पहिला गिअर, दुसरा गिअर, चिंचेला वळसा, परत पहिला. त्यापुढं आपण कधी गेलो नाही.

गाडी ऐकायलाही तुम्हीच शिकवलंत. बॉनेट उघडून दाखवलंत की पुढचा हा एकच पट्टा पंखाही फिरवतो, पाण्याचा पंपही आणि डायनामोही. "हा रडला का समजून जायचं. चिमनीवानी चिवचिव केली तं पुली वाकडी. लांब किंचाळला तं पट्टा ढिला, घसरून राहिला. समजत नसंल तं चालू गाडीत पट्ट्यावर घोटभर पानी टाकून पाहा. आवाज वाढला का ढिलाच." मी हसून मान हलवायचे. मला कशाला लागणार होतं ते?

मे महिन्यातली ती दुपार. एका खेड्यातली पहिलटकरीण बैलगाडीतून आणली होती, बाळ पोटात आडवं होतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, इथं होणार नाही, अमरावतीला न्या. मागं ती पोर आडवी, तिच्या उशाशी तिची सासू, पुढं तुम्ही आणि मी. अचलपूर मागं टाकून सात-आठ मैल गेलो असू, तोच पट्टा किंचाळायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवरही. तुमची नजर काट्यावर गेली. पाणी तापत होतं. तुम्ही एका बाभळीखाली जीप उभी केलीत.

"चाचा, थांबू नका," मी म्हटलं.

"थांबलो नाई तं दोन मैलांत पट्टा तुटते. मंग हितंच बसा साऱ्याजनी."

चालू गाडीतच तुम्ही पट्ट्यावर पाणी शिंपडलंत. आवाज आणखी चढला. तुम्ही मान हलवलीत, गाडी बंद केलीत आणि मला चालकाच्या जागेवर बसवलंत. त्या जीपचा स्टार्टर पायाशी होता, दाबला की इंजिन फिरायचं. तुम्ही बोट दाखवून सांगितलंत, "मी हो म्हनतो तवाच पाय ठेवजा. त्याच्या आंदी नाई." मग पाना आणि टॉमी, तो लोखंडी दांडा, घेऊन पुढं गेलात. उघड्या बॉनेटमुळं मला तुम्ही दिसत नव्हतात, फक्त पान्याचा आवाज येत होता. बोल्ट ढिला केल्याचा, डायनामो बाहेर ओढून पट्टा ताणल्याचा, बोल्ट पुन्हा आवळल्याचा. मागं ती पोर कण्हत होती. एकदम तिचं कण्हणं थांबलं आणि सासू ओरडली, "ओ बाई, पोरीनं डोये फिरवले वं!"

मी मागं वळून पाहिलं. तिचे डोळे खरंच पांढरे झाले होते. मी पाय दाबला.

तुम्ही हो म्हणाला नव्हतात. मी चुकीचं ऐकलं असंही नाही. मी काहीच ऐकलं नव्हतं. मला तिथून निघायचं होतं, एवढंच.

तुमचा आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, जोरात श्वास आत ओढल्यासारखा होता. मी पाय उचलला, उडी मारून पुढं आले. पट्टा किती ताणला ते तुम्ही अंगठ्यानं दाबून पाहत होतात, आणि उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्यासकट पुलीत गेली होती. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. तोवर मला कधी 'बाई' सोडून हाक मारली नव्हती. म्हणालात, "पोरी, पाना घे. तो वरचा बोल्ट ढिला कर. डावीकडं. डावीकडं, बेटा."

मी पाना धरते आहे, तो घसरतो आहे, तुमच्या कपाळावरचा घाम माझ्या मनगटावर पडतो आहे. बोल्ट सुटतो, पट्टा ढिला पडतो, तुम्ही हात ओढून घेता. मी बोटांकडं पाहते आणि पाहायला नको होतं असं वाटतं. नर्स असून. तुमच्या खांद्यावरच्या गमछ्यानं मी हात घट्ट बांधला आणि मला वाटलं, आता आपण सगळेच इथं मरणार.

"आता पट्टा पूस," तुम्ही म्हणालात. "रगत असलं का घसरते. कोरडा कर. मंग टॉमी घाल डायनामोच्या मागं अन् भाईर ताण." मी पुसला. ताणला. बोल्ट आवळला. "आता अंगठ्यानं दाबून पाहा." ते मात्र माझ्यानं होईना. स्टार्टरपाशी कोणी नव्हतं, गाडी बंद होती, तरीही हात पुढं जाईना. तुम्ही घाई केली नाहीत. डावा हात माझ्या पाठीवर ठेवून उभे राहिलात. मी दाबलं. पट्टा अर्धा इंच खाली गेला. "बस," तुम्ही म्हणालात.

मग वीस-बावीस मैल मी चालवली. तिसरा गिअर तुम्ही डाव्या हातानं टाकून दिलात. समोरून ट्रकवाला आला की मी डोळे मिटायचे आणि तुम्ही म्हणायचात, "डोये उघड." सारा वेळ मी तो आवाज पुन्हा येतो का ते ऐकत होते. आला नाही. मागं सासू देवाचं नाव घेत होती आणि दर दोन मिनिटांनी सांगत होती, "हाये, जीव हाये."

संध्याकाळच्या आत ती पोर बाळंत झाली. ऑपरेशन करावं लागलं, पण दोघी वाचल्या. मुलगी झाली होती. तुमची दोन बोटं मात्र त्याच इस्पितळात कापावी लागली.

आठवड्यानं डॉक्टरसाहेबांनी आपल्याला समोर उभं केलं. "स्टार्टर कोणाच्या सांगण्यावरून दाबला?" मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी तुम्ही बोललात. "माह्याच साहेब. मीच हो म्हनलो अन् हात काढायले इसरलो." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तुमची जीप गेली, तुम्हाला फाटकावर पहारेकरी म्हणून बसवलं. नवा ड्रायव्हर आला. सकाळी तो गाडी चालू करायचा तेव्हा तुम्ही स्टुलावरून मान वाकडी करून ऐकायचात, आणि मी खिडकीतून तुम्हाला पाहायचे.

एकदाच मी फाटकापाशी आले होते. "चाचा, साहेबांना मी खरं..." तुम्ही मला पुरं बोलू दिलं नाहीत. आवाज चढवलात, तो पहिला आणि शेवटचा. "काहून सांगता? माही बोटं वापस येतीन काय? तुमची नोकरी गेली तं अकोल्याले बाप घरात घेईन काय? भेव सगळ्याइले वाटते, बाई. तुमी भेवून डोये मिटता, ते सोडा." मी ऐकलं आणि डोळे मिटूनच परत गेले. सहा महिन्यांत अमरावतीला बदली मागून घेतली.

मग बऱ्याच वर्षांनी तुमच्या मुलाचं कार्ड आलं, "अब्बा अंथरुणाला खिळले आहेत, तुमचं नाव काढतात." माझं लग्न झालं होतं, मुलगा शाळेत जात होता. मी बसनं अचलपूरला आले. तुमची गल्ली विचारत विचारत दारापर्यंत आले. आतून तुमचा आवाज येत होता, नातवाला कशावरून तरी रागावत होतात. मी कडीला हात लावला. मग काढून घेतला. पाच मिनिटं उभी राहिले असेन, आणि परतीची बस धरली. पंधरा दिवसांनी तुम्ही गेल्याचं कळलं.

तुमच्या दारातून परतले, त्या संध्याकाळी घरी आल्यावर यांनी विचारलं, "झाली का भेट?" मी म्हटलं, हो. चहासुद्धा घेतला, म्हटलं.