दारापुढचा वापसा

तात्या, आता गाडी आपल्या दाराशी येते. ओट्याच्या पायरीला चाक लागेल इतकी जवळ. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतचा जो पट्टा तुम्ही हयातभर रान म्हणत आलात आणि आई अंगण म्हणत आली, त्याच्यावर आता सिमेंटचे ब्लॉक बसले आहेत. तुम्ही गेलात तेव्हा मी बारामतीच्या कॉलेजात शिकत होते. आता माझ्याच केसांत पांढरे दिसायला लागलेत. एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. डायरी रोज लिहिते, पण तिथे मी तुमच्याविषयी लिहिते, तुमच्याशी बोलत नाही. आज तुम्हाला एक विचारायचं आहे, म्हणून बसले आहे.

हा पट्टा तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी पडलं की तीच माती फुगून घोट्यापर्यंत पाय धरते. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा तुम्ही मला काळे बूट आणले होते. आपल्या घरात बूट घालणारी मी पहिली. पावसाळ्यात मी ते बूट आणि पुस्तकं छातीशी धरून अनवाणी या चिखलातून डांबरीपर्यंत जायचे. तुम्ही माझ्या आधी जाऊन पाण्याची कळशी घेऊन उभे असायचात. मी एक पाय पुढे करते, तुम्ही पाणी ओतता, मग दुसरा. एसटी लांबून दिसत असते आणि तुम्ही म्हणता, "टाचंची राहिली. टाच घास." बूट घालून मी गाडीत चढते आणि खिडकीतून बघते, तर तुम्ही रिकामी कळशी घेऊन पुन्हा त्याच चिखलातून परत चाललेले असता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

आणि त्याच पट्ट्यावरून तुम्हाला नेलं. तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा जीप फाटकातून आत आली आणि तिथेच रुतली. चाकं गरागरा फिरत होती, चिखल भिंतीवर उडत होता. शेवटी चार माणसांनी तुम्हाला खाटेवर घालून डांबरीपर्यंत चालत नेलं. बारामतीला पोहोचेपर्यंत तुम्ही होतात आणि पोहोचल्यावर नव्हतात. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. मी ते वाक्य दोन्ही बाजूंनी वापरून पाहिलं आहे. कधी त्याने धीर येतो, कधी येत नाही.

आता आईला दम लागतो. हृदय नीट काम करत नाही, पायावर सूज असते. औषधांवर बरं चाललं आहे, पण डॉक्टरांनी सांगितलं की अचानक त्रास झाला तर वेळ घालवू नका. ते बोलत होते आणि मला भिंतीवर उडणारा चिखल दिसत होता. पावसाळ्याच्या आत घरापर्यंत पक्का रस्ता करायचा, हे मी दवाखान्याच्या बाकावरच ठरवलं.

घाई करायची नाही हेही ठरवलं होतं. आपल्या विहाराच्या आवारात पोरांनी हौसेने ब्लॉक बसवले होते, सरळ काळ्या मातीवर मुरूम पसरून. एक पावसाळा गेला आणि सगळं आवार लाटांसारखं झालं. वंदनेला येणाऱ्या म्हाताऱ्या आता एकमेकींचा हात धरून चालतात. म्हणून मी कंत्राटदाराला सांगितलं की आधी काळी माती खोल काढायची, तळ दाबून त्याला रस्त्याकडे उतार द्यायचा, मग थराथराने मुरूम, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. कंत्राटदार इंदापूरकडचा, तोंडाचा फटकळ पण कामाचा. तो म्हणाला, "ताई, घरापुढं विमान उतरवायचंय का?" पण त्याने जेसीबी आणला आणि पट्टा कमरेच्या खाली येईल एवढा खोल काढला. दोरी बांधून, पाण्याच्या नळीने पातळी बघून उतार धरला. घर आणि रस्ता यांच्यामध्ये आता एक मोठा खड्डा होता. रोलर यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी नानांची पाण्याची पाळी आली.

नाना, तुमचे धाकटे भाऊ, अजूनही पलीकडचा ऊस स्वतः भिजवतात. कॅनॉलला पाणी सुटलं होतं, त्यांनी उसात सोडलं आणि ते बांधाखालून पाझरून आमच्या खड्ड्यात उतरलं. सकाळी मी बघते तर फाटकाकडच्या खालच्या अंगाला तळ नुसता लोण्यासारखा. मी बांधावर जाऊन म्हटलं, "नाना, दोन दिवस पाणी थांबवता येईल का?"

"पाळी माझ्या हातात हाय व्हय?" ते म्हणाले. "आज न्हाय घेतलं तर पुढची कवा यायची? ऊस काय तुझ्या ब्लॉकांवर वाढवू?"

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांनी बांधाच्या कडेने चर मारून दिला, पण जे पाणी उतरायचं ते उतरलं होतं.

कंत्राटदार खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. म्हणाला, "मुरूम टाकू, रोलर फिरवू, वरनं ब्लॉक. आत काय हाय कुणाला दिसतंय?"

मी म्हटलं, "वापसा आल्याशिवाय नाही."

"वापसा?" तो हसला. "ताई, हितं गहू पेरायचाय का?"

खरं म्हणजे मलाही ते म्हणून झाल्यावर ओशाळल्यासारखं झालं. वापसा रानाला येतो. भिजलेली माती ना पायाला चिकटते ना धूळ होते, कुळव घातला तर भुसभुशीत सुटते, अशी ती वेळ. इथे तर माती मोकळी करायची नव्हती, कायमची दाबून टाकायची होती. पण तुमचा शब्द तोंडात आला आणि मग मला दुसरा सापडेना. मी लहान असताना ओल्या रानात चिंचा गोळा करायला धावले होते आणि तुम्ही बांधावरून ओरडला होतात, "वापसा आल्याबिगर रानात पाय घालायचा न्हाय. तुझा पाय वरीसभर तितंच ऱ्हाईल." जवळ आल्यावर तुम्ही मला माती मुठीत दाबून गोळा करायला शिकवलंत. कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून ढेकळं झाली तर वापसा. चपटा होऊन पडला तर थांबायचं. आणि एक गोळा वरच्या अंगाचा, एक खालच्या अंगाचा, कारण वरचं रान कायम खोटं सांगतं असं तुम्ही म्हणायचात.

मी थांबायचं ठरवलं. कंत्राटदार रोलर दुसऱ्या कामावर घेऊन गेला. ते दिवस मला आठवायला नको वाटतात. रोज कामावर जाण्याआधी मी खड्ड्यात उतरून गोळा टाकायचे, तो शेणाच्या गोवरीसारखा थापा होऊन पडायचा. आई ओट्यावरून बघायची. "तुजा बा असाच करायचा," ती म्हणायची, आणि मग खोकायची. एमआयडीसीतल्या आमच्या दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी नमुने तपासत असायचे आणि फोन वाजला की हात थांबायचा. घरात आजारी माणूस आणि दारापुढे मीच खोदलेला खड्डा. मुरूम ओतून टाकला असता तर निदान गाडी आत आली असती. मी आईसाठी थांबले होते की माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून?

एका दुपारी नानांचाच फोन आला. आईला श्वास घेता येत नव्हता. मी पोहोचले तेव्हा रुग्णवाहिका डांबरीवर उभी होती आणि तिचा ड्रायव्हर खड्ड्याकडे बघत होता. फळी टाकून नेता येईना, काठ ढासळत होता. नाना म्हणाले, "उसातनं काढू." त्यांनी आणि कंत्राटदाराने आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. कंत्राटदार त्या दिवशी माती कुठवर वाळली ते बघायलाच आला होता. ते बांधाच्या कडेने उसाची पाती अंगावर घेत चालले. मी मागून आईची पिशवी घेऊन. आईचे ओठ निळसर झाले होते आणि नाना तिच्याशी बोलत राहिले, "वहिनी, लग्नात बी तुमाला कुणी असं उचललं नसंल."

आई एवढंच म्हणाली, "गप चला, भावजी."

मला खाट दिसत होती, तात्या. खुर्ची दिसतच नव्हती.

आई वाचली. बारामतीच्या दवाखान्यात तिच्या अंगातलं पाणी काढलं, श्वास जागेवर आला. ती कॉटवर बसून चहा मागायला लागली तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले. दोन-तीन दिवसांत सोडू, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, अजून ठेवा ना. ते म्हणाले, घरी काही अडचण आहे का? मी नाही म्हणाले.

तिला सोडायचं त्याच्या आधी कंत्राटदाराचा फोन आला. "रोलर आज रिकामा हाय. उद्या सोमेश्वरनगरला जाणार, मग सुटत न्हाय. तुमचा वापसा काय म्हणतोय?" त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. त्याने आईला उचललं होतं. मी घरी आले, खड्ड्यात उतरले, मूठभर माती घेतली. गोळा केला. कमरेवरून सोडला. तो फुटला, पण त्याची ढेकळं झाली नाहीत. दोनच तुकडे झाले, सरळ, मधोमध. असा गोळा पडला तर काय समजायचं, हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. नाना बांधावर उभे होते, कंत्राटदार काठावर. मी वर बघून म्हटलं, "आला."

मग सगळं भराभर झालं. माती फुगू नये म्हणून तळावर चुना पसरून मिसळला, रोलर फिरला, मुरमाचे थर पडले, पाणी, पुन्हा रोलर. त्यावर बारीक दगडाची कच आणि ब्लॉक. काम उरकेपर्यंत आईला मी मुद्दाम दोन दिवस तिच्या बहिणीकडे ठेवलं आणि मग गाडी फाटकातून आत आणली. ती न रुतता, न डगमगता ओट्याला लागली. आई बराच वेळ उतरलीच नाही. मग म्हणाली, "तवा हितनं गाडी यायची सोय आसती तर..." मी तिच्या बाजूचं दार उघडलं.

पावसाळा झाला. पाणी उताराने रस्त्याकडे गेलं, नानांच्या बांधाला लागलं नाही, घराच्या जोत्याला लागलं नाही. ब्लॉक जागच्या जागी आहेत. फक्त फाटकापाशी, उसाच्या बाजूचा एक, त्याच्यावर पाय पडला की हलतो. टक असा आवाज येतो. आई रोज संध्याकाळी काठी टेकत फाटकापर्यंत जाते आणि तिथे थांबून काठीने तो दाबून बघते. "ह्यो एकटाच बोलतोय गं," ती म्हणते. कंत्राटदार म्हणतो, कुठंही एखादा हलतोच, ताई, काढून परत बसवतो. मी त्याला अजून बोलावलेलं नाही. तो ब्लॉक उचलला तर खालचं बघावं लागेल.

म्हणून विचारायचं होतं की दोन तुकडे झाले तर तुम्ही काय केलं असतं. पण ते विचारण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. तुम्ही फाटकापाशी जाऊन तिथली माती उचलली असती. मी जो गोळा टाकला तो ओट्याजवळचा होता, दिवसभर ऊन लागणाऱ्या जागेचा. खालच्या अंगाचा गोळा मी केलाच नव्हता, तात्या.