शाळेच्या ओट्यावर आईबाप

८ ऑगस्ट १९६६
भातलावणी संपली, तरी वर्गात नऊच पोरं. पटावर एकतीस. परवा तपासनीस साहेब येऊन गेले. चहा घेतला नाही, म्हणजे रागावलेत. म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर ही पाड्यावरची माणसं गवत कापायला बाहेर पडतात आणि पोरं त्यांच्यामागे जातात. जानेवारीत मी येईन तेव्हा निम्मा पट बसलेला दिसला नाही, तर ही शाळा खालच्या गावच्या शाळेत घालावी लागेल." खालचं गाव ओढ्यापलीकडे दोन कोस. पहिलीतलं पोर तिथं रोज जाणार? एकही जायचं नाही. हे साहेबांनाही ठाऊक आहे.
पालकसभा घ्या म्हणाले. घेते.

१२ ऑगस्ट
एकवीस घरं, एकवीस चिठ्ठ्या. निम्म्या ह्यांनी लिहून दिल्या. दिवसभर वीजकेंद्राच्या बांधकामावर राबून आलेला माणूस, सालवडच्या आमच्या एवढ्याशा खोलीत चटईवर पालथा पडून "सप्रेम निमंत्रण" लिहितोय. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, कबूल करावं लागलं. खाली शाळेचा गोल जांभळा शिक्का मी मारला. छान दिसत होत्या. आज पोरांच्या हाती घरोघर दिल्या.

१४ ऑगस्ट
सभा. दहाला पाड्यावर पोचले. माणूस नाही. बाया नाहीत, पोरं नाहीत, शेरडंसुद्धा नाहीत. अंगणात कोंबड्या आणि मी.
एकटी लाडकी घरी होती, चौथीतल्या नवशीची आई. तिची शेळी विण्याच्या बेतात म्हणून ती राहिलेली. म्हणाली, "बाई, जंगलवाल्यांचा कागद आसाच येतो, गोल शिक्क्याचा. कागद आला का धरून नेतात, म्हनून बापेमानसं डोंगरात जातात. आता घरटी कागद आला, त समदीच गेली."
"अगं, पण नवशीला वाचता येतं ना?"
"वाचला तिनं. सभा हाय, बोलली. त समदी बोलली, पोरीला काय कळतं."
हसावं की रडावं कळेना. लाडकीनं पाणी दिलं, मी प्याले. आधीचे मास्तर पाड्यावर पाणी पीत नसत म्हणे. मला तहान लागली होती, एवढंच. पण ती माझ्याकडे बघत राहिली.
घरी आल्यावर हे पोट धरून हसले. मी बोलले नाही त्यांच्याशी. जेवताना बोलले.

१६ ऑगस्ट
माणसं परत आली. काल झेंड्याला सातजण लांब उभे होते. पाड्यातले म्हातारे चैत्याबाबा आज मुद्दाम शाळेत आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनीच माझी समजूत घातली: "आमाला बोलवायचा त दारात यायचा. बसायचा. मंग सांगायचा. कागदानं कोन बोलवतो?"
बरोबर आहे. आमच्याकडे कऱ्हाडलाही हळदीकुंकवाला कुणी शिक्का मारून बोलावत नाही. डोक्यात साहेबाचं वारं शिरलं होतं माझ्या.

२७ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर रोज दोन घरं. दोनाच्या वर होत नाहीत, कारण "बसायचा" म्हणजे खरंच बसायचं. नाचणीची भाकर, काकडी, एके ठिकाणी खेकड्याचा रस्सा. (हा नको म्हटला. मग खाल्ला. काय चव!) पोरांबद्दल विचारलं की आधी गुरांचं ऐकावं लागतं. पायांची वाट लागली. पण आता वाटेत बाया थांबून बोलतात.

४ सप्टेंबर
सभा झाली. अठरा घरची माणसं आली. आत यायला तयार नाहीत, ओट्यावर आणि अंगणात बसली. मी शिक्षणाचं महत्त्व वगैरे तोंडपाठ करून आणलेलं बोलले. कुणाला काही वाटल्याचं दिसलं नाही. मग साहेब काय म्हणाले ते सरळ सांगितलं. पोरं राहिली तर शाळा राहील.
मग चैत्याबाबा: "गुरांना पाळी हाय. आज ह्या घरचा मानूस राखतो, उद्या त्या घरचा. पोरांना पन पाळी लावू."
मला राग आला. पोरांना गुरांच्या रांगेत बसवलं! तसं बोलूनही दाखवलं. त्यावर लाडकी, पदर सावरत, शांतपणे: "बाई, बैल चुकला त समदा पाडा शोधाया जातो. पोर शाळंतनं गेला त कोन शोधतो?"
मी वही उघडली आणि घरांची नावं लिहून घेतली. 
ठरलं ते असं. उद्यापासून रोज एका घरचा माणूस शाळेत येऊन बसणार, कोण आलं नाही ते बघून घरी जाऊन आणणार. आणि गवताच्या दिवसांत पोरांना मागं ठेवायचं, एका घरानं त्यांच्यापाशी राहायचं. पुनवेपासून पुनवेपर्यंत एक घर, मग दुसरं. हे मला सुचलं नसतं. शंभर पालकसभा घेतल्या असत्या तरी सुचलं नसतं.

१९ सप्टेंबर
आज पाळीला लखमा, लाडकीचा नवरा. मी गवतावरचा धडा घेत होते. गवत सगळीकडे उगवते, गुरे ते आवडीने खातात, इत्यादी. लखमा ओट्यावरून उठून आत आला. पहिल्यांदाच कुणी उंबरा ओलांडला. म्हणाला, "समदा गवत सारखा नाय." बाहेर जाऊन मूठभर उपटून आणलं आणि एकेक काडी वेगळी करून दाखवली. हे गुरं खातात, हे तोंडही लावत नाहीत, हे छपराला, ह्यानं बोट कापतं. पोरं एवढी गप्प माझ्या तासाला कधी बसली नाहीत. मी खडू घेऊन तो सांगेल ते फळ्यावर लिहीत गेले. शेवटी त्यानं विचारलं, "चुकला काय?" म्हटलं, नाही दादा, मीच आज विद्यार्थिनी. लाजला.
सव्वीस हजर.

११ नोव्हेंबर
सुट्टी लागली तरी पाड्यावर गेले. वाघबारस झाली, भात घरात आलं, आता बोचकी बांधणं चाललंय. पहिली पाळी लाडकीनं घेतली. लखमा एकटा जाणार. गवताला जोडी लागते, नवरा कापतो, बायको भारे बांधते. एकट्याला अर्धंच काम मिळतं. मी तिला म्हटलं, दुसऱ्या कुणाला घेऊ दे पहिली. "कोनी तरी पयली घ्यायचीच ना," म्हणाली.
पुढची पाळी बारकूच्या घराची. पुनवेला गवतावरून परत येतो असं तो सगळ्यांसमोर बोललाय.

२८ नोव्हेंबर
शाळा उघडली. रिकामा वर्ग बघायची मनाची तयारी करत गेले होते.
एकोणीस. मी दोनदा मोजले.
घरोघरचं धान्य लाडकीच्या घरात, एकोणीस पोरं तिच्या आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांच्या घरात झोपतात. ओट्यावर लाडकी बसलेली, मांडीवर कुणाचं तरी शेंबडं. मला रडू आलं. पोरांसमोर बरं दिसत नाही म्हणून फळा पुसला.

१३ डिसेंबर
परवा रविवारी हे आले, फळ्याला काळा रंग देऊन गेले. लाडकीनं भाकर वाढली. परतताना हे म्हणाले, "तुझी शाळा ही बाई चालवते." खरंच आहे. पगार मला, आणि शाळा तिच्या जिवावर. हिचे उपकार कसे फेडू, समजत नाही. फेडू नयेतच बहुतेक.

२७ डिसेंबर
पुनव. बारकू आला नाही.
बोईसर स्टेशनावरून एकाच्या हाती निरोप मात्र आला, लखमाचा. विळा लागून हात कापलाय, भारे होत नाहीत, ये. लाडकी गेली तर नवशी आणि तिचा धाकटा भाऊही जाणार. आणि राखणारं घर नाही म्हटल्यावर बाकीचेही आपापली पोरं नेणार. दोन म्हाताऱ्यांना एवढी झेपायची नाहीत. साहेब येत्या आठवड्यात.
मी तिला थांब म्हणू शकत नाही. तोंडच नाही मला. म्हटलं, "लाडके, तू जा. तुझी पाळी आज पुरी झाली." तिनं पोरांच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

२९ डिसेंबर
बारकूचा पत्ता नाही. रस्त्यावर नजर ठेवून ठेवून मान आखडली.
सकाळी पोचले तेव्हा लाडकी ओट्यावर. शेजारी बोचकं बांधून तयार, वर पाण्याचा तांब्या. मला वाटलं, निरोप घ्यायला बसलीय. आत गेले, हजेरी घेतली. एकोणीस. नवशीनं "हजर" म्हटलं ते ओट्याकडे बघत.
रजिस्टर मिटायच्या आधी, त्यात नसलेलं एक नाव घेतलं.
"लाडकी लखमा."
पोरं हसली. मग ओट्यावरून आलं, "आज हाय, बाई."