केंगेरीची मोरी

आबा,

नदी नसलेल्या गावात माणूस कोरडा पडतो, हे तुमचं टुमणं आता पुरे करा. कृष्णेवर पूल झाला, उतारू संपले, तरी तुम्ही रिकामी नाव धरून काठावर बसलात. ती विका म्हणालो, तर माझ्याशी धड बोलणं टाकलंत.

बंगळूरला मी ऑफिसात आहे, हे खोटं. पहिल्या दिवशी बेळगावकडचा मुकादम म्हणाला, "केंगेरीची मोरी साफ करायची." मला वाटलं, घरात असते तशी मोरी. मी खराटा आणि बादली घेऊन गेलो. तो म्हणाला, "अंघोळीला आलास काय? स्वल्प साबण पण आणायचास!" इथं मोरी म्हणजे गटार, आणि हे तर आपल्या ओढ्याच्या तिप्पट रुंद. वर्षभर त्यातला गाळ उपसतोय. वास अंगातून जात नाही.

काल बनशंकरीतली घरमालकीण अहल्याअक्का रागावली. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच मराठी बाई ती. "मोरी काय म्हणतोस रे? वृषभावती नदी ती! बसवनगुडीत नंदीच्या पायाशी उगम तिचा. आमचे आजोबा तिच्यात उभं राहून अर्घ्य द्यायचे."

म्हणजे या राजधानीलाही नदी होती, आबा. काठावर कुणी बसून राहिलं नाही, म्हणून तिची मोरी झाली.

हे पत्र टाकणार नाही. माझं काम तुम्हाला कळायला नको. नाव विकू नका, एवढंच फोनवर सांगेन.

तुमचा,
सिद्राम

ता. क. पैसे मात्र पाठवतोय. नावेला डांबर लावून घ्या. साडेतीन हजार आहेत.