बिंदूची जागा

अंबरनाथ, घटस्थापना, १९८८

प्रिय अक्का,

तू अण्णांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलंस, तेव्हापासून घरात तुझं नाव निघत नाही. आज अण्णांनी पाटावर कुंकवाने श्रीयंत्र काढलं. एकमेकांत गुंफलेले त्रिकोण बघून मी, बी.एस्सी. झालेली, श्वास रोखून उभी राहिले. सगळं जग मधल्या बिंदूतून निघतं आणि तिथेच परततं, असं अण्णा सांगायचे. पण बिंदूच नव्हता.

"मी देऊ बिंदू?" मी विचारलं.

"गप बस. ते थोरलीचं काम."

"मग पूजा कशी होणार?"

अण्णा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग चपला घालत म्हणाले, "बदलापुरात कुठे राहते ती?"

मी पत्ता सांगितला. आता हे पत्र टाकत नाही. ते पोचायच्या आधी अण्णाच तुझ्या दारात असतील.

कुंकू भिजवून बसलेली,
तुझी उज्ज्वला