लोडरची किल्ली

रविवार, १४ मार्च
दुपार

ती. दादा,

नमस्कार. मी बरा आहे. तुझी कंबर आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळव. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस आणि फोन वहिनींकडे देतोस, म्हणून लिहायला बसलो.

मशीन दुरुस्तीच्या या कोर्सला तीन आठवडे झाले. खोली ठीक आहे. खिडकीतून समोरची भिंत दिसते, तेव्हा बघत बसायचा प्रश्न नाही. वर्गात सगळे माझ्या निम्म्या वयाचे, मला ‘काका’ म्हणतात. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीएवढ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘काका, पाना बाजूला ठेवा, आधी मशीनशी बोलायला शिका.’ पन्नाशीत पुन्हा बाराखडी गिरवतोय. डोकं शिणतं रे. संध्याकाळी बूट काढायचंही जिवावर येतं.

आपण गॅरेजात केबल लावायचो आणि हिरवा दिवा लागला की झालं समजायचो. लॅपटॉप आणि मशीनचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा मेंदू, ठरलेल्या नियमांनी बोलतात, हे आत्ता कळतंय. लॅपटॉपनं विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं. ओळख पटल्याशिवाय तो आतलं काही बदलू देत नाही. तूही अनोळखी माणसाला तुझ्या हत्यारांना हात लावू देत नाहीस, तसंच.

मंगळवारी बाईंनी त्याचं एक उत्तर दाखवलं. जुना प्रोग्राम पुसायला कंट्रोलरला वेळ लागतो. तेव्हा तो सारखा सांगत असतो, ‘मागणी पोचली, काम चालू आहे, थांब.’ पण पडद्यावरची पट्टी हलत नाही, म्हणून नवख्याला वाटतं बंद पडला. ‘मग अतिशहाणे किल्ली बंद करतात,’ बाई म्हणाल्या, ‘आणि अर्धवट पुसलेला कंट्रोलर कायमचा जातो.’ सगळे हसले. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो, तो तासभर आत आलोच नाही.

खाणवाल्याचा लोडर तू कसा विसरशील. सकाळी तू त्याच्या बकेटला वेल्डिंग केलंस, वेल्डिंगचा करंट कंट्रोलरपर्यंत जाऊ नये म्हणून बॅटरीचं टर्मिनल आधी काढतात, ते काढायचं राहिलं. दुपारी मी नवा प्रोग्राम टाकायला बसलो आणि कंट्रोलर गेला. ‘माझ्या वेल्डिंगनं खाल्ला,’ म्हणत तू कपाळाला हात लावलास. खाणवाला वाट्टेल ते बोलला, तू मान खाली घालून ऐकलंस. तीस वर्षांत तुला तसं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मी शेजारीच होतो.

दादा, पट्टी हलेना म्हणून मी किल्ली बंद केली होती. तू तेव्हा मागं हात धूत होतास.

वेल्डिंगनं गेला असता तर दुपारी त्यानं लॅपटॉपला ओळखच दिली नसती. तो धड उत्तरं देत होता. टर्मिनल राहिलं ही तुझी चूक खरी, पण लोडर तिनं गेला नाही. माझ्यामुळं गेला.

संशय मला त्याच दिवशी आला होता. म्हटलं, कोर्सला जाऊन खात्री करू, मग सांगू. ही निव्वळ पळवाट होती. तोवर तू वेल्डिंगचा होल्डर खुंटीला टांगलास, ‘माझ्या हाताचा आता भरवसा नाही’ म्हणून घरी बसलास. वहिनी मला विचारतात, ‘भावजी, यांना झालंय तरी काय?’ आणि मी म्हणतो, वय झालं. लाज वाटते मला.

खाणवाल्याला काल फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘मग त्या दिवशी तुझ्या भावाला का ऐकून घ्यायला लावलंस?’

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. होल्डर खाली काढ.

मला शिव्या घालायच्या तर घाल. बोलायचंच नसेल तर तेही समजेन. उत्तराला कितीही दिवस लागू देत. या वेळी मी थांबेन.

अजून तसं म्हणायचा हक्क उरला असेल, तर
तुझा
धाकटा